डेझर्ट ईगल आणि घरी भरलेली काडतुसे : माझा अनुभव

टेक्सासमध्ये रानडुकरांच्या शिकारीसाठी .४४ मॅग्नम काडतुसाचे डेझर्ट ईगल पिस्तूल घ्यायचे मी ठरवले, तेव्हा माझ्या ओळखीच्या बहुतेक शिकाऱ्यांचा सल्ला नेमका उलटा होता. हे काडतूस मुळात रिव्हॉल्व्हरचे, तेव्हा रिव्हॉल्व्हरच घ्यावे. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे झाडल्यावर पुढचे काडतूस आपोआप चढवणाऱ्या, पिस्तुलात ते घालणे म्हणजे जास्त वजन, जास्त खर्च आणि वर अडकण्याची कटकट, असे त्यांचे म्हणणे होते. वजन आणि खर्च यांबाबत ते बरोबर निघाले. अडकण्याबाबत मात्र माझे मत आता वेगळे आहे, कारण हे पिस्तूल शिकारीला नेण्याइतके भरवशाचे होईपर्यंत मी त्याच्या एकाही भागाला कानस लावली नाही. जे जुळवले ते सगळे काडतुसात जुळवले.

खरेदीचा भाग थोडक्यात सांगतो. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला, शिकारीचा परवाना असण्यासारखे काही अपवाद वगळता, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे नागरिकत्व मिळेपर्यंत मी या वाटेला गेलो नाही. त्यानंतर परवानाधारक दुकानात ४४७३ क्रमांकाचा सरकारी अर्ज भरणे आणि एफबीआयच्या यंत्रणेमार्फत पार्श्वभूमीची तपासणी होणे, एवढेच सोपस्कार होते. भारतातील शस्त्र कायद्याखालचा परवाना, पोलीस चौकशी आणि वर्षानुवर्षांची प्रतीक्षा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे फारच सुटसुटीत वाटेल, आणि मला ते काहीसे अस्वस्थ करणारेही वाटले. घरात लहान मूल असल्याने पिस्तुलाआधी तिजोरी घरी आली. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल अशा रीतीने भरलेले शस्त्र ठेवणे हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. तसा कायदा नसता तरी मी तेच केले असते.

या पिस्तुलाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढची खटपट कळणार नाही. बहुतेक पिस्तुले गोळीच्या धक्क्यावर चालतात. डेझर्ट ईगल वायूवर चालते, म्हणजे स्वभावाने ते रायफलीच्या जातीचे आहे. गोळी पुढे सरकताच चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या) लगेच पुढे असलेल्या बारीक छिद्रातून थोडा वायू खाली उतरतो, नळीखालच्या समांतर वाटेने तोंडाकडे जातो आणि तेथे पिस्टनला मागे ढकलतो. त्या रेट्याने स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते, चेंबर मागून बंद ठेवणारा बोल्ट फिरून सुटतो, रिकामी पुंगळी (काडतुसाचे धातूचे कवच) बाहेर फेकली जाते आणि परत येताना दोन स्प्रिंगांच्या जोरावर पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसते. नळी या सगळ्या वेळात जागची हलत नाही. याचा अर्थ असा की वायूचा दाब किती आणि किती वेळ टिकतो यावर यंत्राचे चालणे अवलंबून आहे, आणि तो दाब ठरवते काडतुसातली दारू. रिव्हॉल्व्हरला सौम्य काडतूस चालते, कारण तिथे चक्र नेमबाजाचे बोट फिरवते. इथे सौम्य काडतूस म्हणजे अर्धवट मागे गेलेली स्लाइड आणि बाहेर पडण्याच्या खिडकीत उभी अडकलेली पुंगळी.

सुरुवातीला मी बाजारात मिळणारी सरावाची काडतुसे वापरली आणि नेमके तेच घडले. ती रिव्हॉल्व्हरधारकांच्या मनगटावर दया करून बनवलेली होती. पूर्ण ताकदीची, तांब्याचे आवरण असलेली २४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे एक बारीक एकक) वजनाची गोळी वापरल्यावर पिस्तूल सुरळीत चालू लागले, पण ती काडतुसे महाग होती आणि एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात वेग बदलत होता. शिकारीसाठी मला प्रत्येक गोळीचा वेग जवळपास सारखा हवा होता. म्हणून गॅरेजच्या एका कोपऱ्यात प्रेस, म्हणजे काडतुसे भरण्याचे दाबयंत्र, बसवली.

काडतूस घरी भरणे हे काम कौशल्याचे कमी आणि शिस्तीचे अधिक आहे. पुंगळी स्वच्छ करायची, कार्बाइडच्या साच्यातून दाबून तिचा फुगलेला व्यास मूळ मापावर आणायचा, जुना प्रायमर (दारू पेटवणारी बुडाची टिकली) काढायचा, लांबी कॅलिपरने मोजायची, तोंड किंचित फुलवायचे, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची, गोळी बसवायची आणि शेवटी तोंडाची कड गोळीच्या खाचेत आत वळवायची. दारूचे प्रमाण मात्र प्रकाशित पुस्तिकेतूनच घ्यायचे, ऐकीव माहितीवर कधीही नाही. म्हणूनच मी इथे माझे आकडे देत नाही. बाकावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवणे आणि गोळी बसवण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे, या दोन सवयी मला एका निवृत्त यंत्रकारागिराने लावल्या.

दारूची निवड हा या सगळ्यातला कळीचा भाग ठरला. झपाट्याने जळणारी दारू थोड्या प्रमाणातही दाब चढवते, पण वायू कमी देते. पिस्टनला लागतो तो सावकाश जळणाऱ्या दारूचा मोठा फुगारा. .४४ मॅग्नमसाठी यातली सर्वात प्रसिद्ध दारू म्हणजे हॉजडन कंपनीची एच-११०, आणि विंचेस्टर २९६ या नावाने विकली जाणारी दारूही तीच आहे. तिची एक ताकीद प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. इतर दारूंबाबत कमाल प्रमाणाच्या १० टक्के खालून सुरुवात करून हळूहळू वर जाण्याचा रिवाज असतो. या दारूत मात्र छापील प्रमाणापेक्षा ३ टक्क्यांहून अधिक कपात करू नये, असे उत्पादकच सांगतो. पुंगळीत फार मोकळी जागा राहिली तर ती नीट पेट घेत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. त्यावर दुसरी गोळी झाडली गेली, तर नळी आणि हात दोन्हींचे काय होईल ते वेगळे सांगायला नको. म्हणूनच तिला जोरकस मॅग्नम प्रायमर आणि पक्के वळवलेले तोंड लागते. ही दारू सौम्य होऊ शकत नाही, आणि माझ्या पिस्तुलाला सौम्य काही चालत नाही. त्यामुळे दोघांचे जमले.

तोंड वळवण्याच्या कामाला मी सर्वात जास्त वेळ दिला. रिव्हॉल्व्हरमध्ये हे वळण गोळीला धक्क्याने पुढे सरकू देत नाही. इथे काडतूस मॅगझिनमधून (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतून) वर चढताना गोळीचे नाक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर आपटते आणि ती मागे, पुंगळीत ढकलली जाण्याचा धोका असतो. गोळी आत गेली की जागा आक्रसते आणि दाब अनपेक्षित वाढतो. म्हणून रेंजवर, नळी लक्ष्याकडे ठेवून, मी एक काडतूस स्लाइड सोडून चेंबरमध्ये घेत असे, न झाडता बाहेर काढत असे आणि आधी घेतलेल्या मापाशी ताडून पाहत असे. काही गोळ्या झाडल्यावर मॅगझिनमध्ये उरलेल्या काडतुसांची लांबीही मोजत असे, कारण धक्क्याने त्यांतल्या गोळ्याही हलतात. कॅलिपर सारखाच आकडा दाखवू लागेपर्यंत तोंड वळवणारा साचा थोडा थोडा खाली घेत गेलो. फार खाली नेला तर पुंगळीच तोंडाखाली बाहेर फुगते आणि चेंबरमध्ये नीट बसत नाही. एकूण लांबीची कमाल मर्यादा १.६१० इंच आहे. मी तिच्या किंचित आतच राहतो, कारण मॅगझिनच्या भिंतीला घासणारे काडतूस वर चढताना रेंगाळते.

आणखी एक अडचण कडेची. या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये एकावर एक काडतुसे रचताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढे असावी लागते. उलटे झाले तर दोन्ही एकमेकांत अडकतात. प्रत्येक काडतूस दाबून मागे सरकवताना एवढे पाहिले की काम होते, पण घाईत भरणाऱ्याला हे पिस्तूल माफ करत नाही.

नुसत्या शिशाच्या गोळ्यांचा मोह मला अनेकांनी दाखवला, कारण त्या स्वस्त पडतात. वायूचे छिद्र बारीक आहे आणि तिथे शिशाचा कीस साठला तर साफ करणे अत्यंत त्रासाचे; निर्माताही त्यांना मनाई करतो. मी तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्यांवरच राहिलो. पिस्टनवर साठणारी काजळी दर वेळी पुसून काढतो आणि तो भाग कोरडाच ठेवतो, कारण तेलात काजळी कालवली की तिचा चिखल होतो.

काडतूस ठरल्यानंतरही क्वचित एखादी अडचण येत असे, आणि तिचे कारण माझ्या डाव्या हातात निघाले. डेझर्ट ईगलचे मॅगझिन मुठीत थोडे सैल असते, तसे असणे अपेक्षितच आहे. आधाराचा हात बुडाखाली लावून ते वर दाबले तर काडतुसाचा कोन बदलतो. सुमारे २ किलोचे पिस्तूल तोलताना हात खाली नेण्याची इच्छा स्वाभाविक आहे. पुढून बोटे गुंडाळायची आणि मनगट ताठ ठेवायचे, हे लावून घेतल्यावर ती तक्रारही गेली.

नळी स्थिर असल्याचा फायदा नेमबाजीत होतो. तिच्या माथ्यावरच्या पट्टीला लाल ठिपक्याची दुर्बीण जोडता येते आणि स्लाइडच्या हिसक्यांपासून ती सुरक्षित राहते. क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, वेग सेकंदाला १४०० फुटांच्या आसपास स्थिरावला, तेव्हा मी ५० यार्डांवर दुर्बीण जुळवली आणि शिकारीचे अंतरही त्याच्या आतच ठेवायचे ठरवले. रायफलवाले यावर हसतात, हसोत बापडे.

टेक्सासमध्ये २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुकरे मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. माझे काका कोकणात रानडुकरांनी लोळवलेले भात पाहून हताश होत, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय त्यांना काही करता येत नसे. इथला शेतमालक तर आम्हाला फोन करून बोलावतो. त्या शेतावर पहिले डुक्कर खांद्यामागे लागलेल्या एका गोळीत पडले, आणि पुढचे काडतूस निमूटपणे चेंबरमध्ये जाऊन बसले होते.

डेझर्ट ईगल पुंगळ्या दूर आणि जोरात फेकते, त्यामुळे गवतातून त्या शोधून आणणे हा कामाचाच भाग झाला आहे. तोंडाशी चीर दिसली तर ती पुंगळी बाद. सध्या दारूचा जुना डबा संपत आला आहे आणि नवा वेगळ्या लॉटचा (उत्पादनाच्या खेपेचा) आहे, म्हणून त्या ३ टक्क्यांच्या मर्यादेत राहून खालच्या प्रमाणापासून पुन्हा क्रोनोग्राफसमोर उभे राहायचे आहे. तोवर जुन्या लॉटची उरलेली काडतुसे खोक्यावर तारीख टाकून शिकारीसाठी बाजूला ठेवली आहेत.