लस टोचली म्हणून कोंबड्या 'पॉझिटिव्ह': साल्मोनेला सर्टिफिकेटचा माझा अनुभव

साल्मोनेला हा कोंबड्यांच्या आतड्यात राहणारा जंतू, त्याची लस देण्यात काही अडचण आली नाही, पिल्लं असताना पाण्यातून जिवंत लस आणि तलंगा अंड्यावर यायच्या आधी मेलेल्या जंतूंचं इंजेक्शन, झालं. डोकं उठलं ते कळपात हा जंतू नाही असं सर्टिफिकेट काढताना.

फॉर्मवर एकच रकाना, रक्त तपासणी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. अहो इंजेक्शन दिलेल्या कोंबडीचा एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह येणारच ना, अँटिबॉडी तयार व्हाव्यात म्हणूनच तर टोचलं! पण टेबलावरच्या साहेबांचं एकच, "पॉझिटिव्ह म्हणजे रोग." म्हटलं साहेब, नेहमीच्या एलायझाला लसीच्या अँटिबॉडी कुठल्या आणि रोगाच्या कुठल्या ते कळत नाही, हे लसीकरणाचं रजिस्टर बघा. तर म्हणे रजिस्टरला रकाना नाही. म्हणजे लसच दिली नसती तर पास! फाईल पडून, मी फोन करतोय, साहेब जेवायला गेलेत, आणि कोंबड्या मजेत अंडी देतायत.

बरं, अँटिबॉडी दिसल्या म्हणून कळप सुरक्षित असंही नाही बरं का. हा जंतू मॅक्रोफेज पेशींच्या (जंतू गिळणाऱ्या पेशींच्या) आत दडून बसतो, तिथे अँटिबॉडी पोचत नाहीत, तिथे टी-पेशींचीच (रोगाशी लढणाऱ्या दुसऱ्या पेशींचीच) मदत लागते आणि ती जिवंत लसीने जास्त चांगली जागी होते, म्हणून दोन्ही लसी. लसींनी विष्ठेतून जंतू पडणं कमी होतं, शून्य होईलच असं नाही. त्यामुळे विचारायचंच तर जंतू शेडमध्ये आहे का ते विचारा की!

शेवटी आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्ताचा नाद सोडा, बुटांवर कापडी मोजे चढवून शेडभर फिरा आणि ते मोजे कल्चरला पाठवा. कल्चरला वेळ लागतो, आधी जंतू वाढवणार मग प्लेटवर टाकणार, लॅबच्या मागे लागून उपयोग नाही. जिवंत लस कुठली दिली ते मात्र लॅबला लिहूनच द्या, कारण लसीचा जंतू काही काळ विष्ठेत सापडू शकतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर साहेब म्हणतात "हे आधीच आणायचं ना." काय बोलणार!

हो, आणि इंजेक्शनच्या आधी थोड्या पक्ष्यांचं रक्त तपासून रिपोर्ट जपून ठेवा, पुढे भांडायला बरा पडतो. जिवंत लसीच्या पाण्यात क्लोरीन नको, त्या दिवसांत अँटिबायोटिकही नको, लसच मरते.