विहिरी मोजता मोजता फंडेड पीएचडी मिळाली, त्याचा माझा अनुभव

"फुल्ली फंडेड", म्हणजे फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही मिळणार, असं दिसलं की आपण बाकीची जाहिरात नीट वाचतच नाही, पहिल्या वर्षी माझं तेच झालं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पीएचडीची जागा होती, विषय सिटिझन सायन्स, म्हणजे साध्या लोकांनी शास्त्रज्ञांच्या बरोबरीने निरीक्षणं घेऊन केलेलं विज्ञान. मी तेव्हा पुरंदर तालुक्यात एका छोट्या संस्थेबरोबर गावातल्या विहिरींची पातळी मोजायचं काम करत होते, त्यामुळे वाटलं ही जागा माझ्यासाठीच काढलीये. रात्र-रात्र जागून फॉर्म भरला आणि मग एका सिनियर ताईने दाखवून दिलं की खाली बारीक अक्षरात लिहिलंय, फी तिथल्या रहिवाशांच्या दराने भरली जाईल, वरचा फरक विद्यार्थ्याचा. परदेशी विद्यार्थ्याची फी कितीतरी पट असते, तो फरक आमच्या घरातून भरणं शक्यच नव्हतं. तसंही तिथून इंटरव्ह्यूला बोलावणं आलं नाही.

म्हणून आधी हेच सांगते. तिथे सरकारी पैसा यूकेआरआय नावाच्या संस्थेकडून येतो आणि २०२१ पासून तो परदेशी मुलांनाही मिळतो, पण एकूण जागांच्या ३० टक्क्यांपर्यंतच. आणि फीमधला फरक विद्यापीठ माफ करतंय का, हे प्रत्येक जागेसाठी वेगळं विचारावं लागतं. एक मेल टाका, लाजू नका, मी लाजले आणि वर्ष गेलं.

दुसऱ्या वर्षी तिकडच्याच दुसऱ्या एका जागेची जानेवारी २०२४ ची डेडलाइन होती. विषय नदीचा, काठावर राहणारे लोक स्वतः पाण्यातलं फॉस्फेट मोजतात आणि त्या आकड्यांचं पुढे काय होतं यावर संशोधन. तिकडे वाय नावाची नदी आहे, वेल्समध्ये उगम पावते आणि इंग्लंडमध्ये येते, तिच्या खोऱ्यात कोंबड्यांचे प्रचंड फार्म झालेत, त्यांचं खत शेतात आणि त्यातलं फॉस्फेट शेतातून नदीत, मग शेवाळ वाढून उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं. तिथल्या लोकांनी स्वतः किट घेऊन मोजमाप सुरू केलं. हे वाचलं आणि मला आमचे दादा आठवले.

दादा म्हणजे ज्यांच्या विहिरीवर आम्ही पहिला टेप सोडला ते शेतकरी. आम्ही ठरवलं होतं दर गुरुवारी सकाळी सातला सगळ्या विहिरी मोजायच्या, एकच वेळ म्हणजे शास्त्रशुद्ध, असं आम्हाला वाटत होतं. चार महिने आकडे असे वर-खाली होत होते की काही अर्थच लागेना. मग दादा म्हणाले, अगं बाई, या आठवड्यात लाइट रात्रीची आहे, सगळ्यांच्या मोटरी पहाटेपर्यंत चालतात, तू सातला मोजतेस तेव्हा विहीर उपसलेली असते, पुढच्या आठवड्यात लाइट दिवसाची, मग सातला विहीर भरलेली दिसणारच. एवढी साधी गोष्ट आमच्या फॉर्ममध्ये नव्हती कारण फॉर्म आम्ही पुण्यात बसून बनवला होता. मग आम्ही रकाना वाढवला, मोटर कधी बंद केली, किती तास झाले. आमचा सगळा भाग काळ्या दगडाचा, बेसॉल्टचा, पाणी भेगांमधून येतं, त्यामुळे उपसा थांबल्यावर विहीर किती वेळात भरते हेच खरं बघायचं असतं, आणि ते दादांना आमच्या आधी माहीत होतं. गावात पाण्याची खोलीसुद्धा परस या जुन्या मापात, म्हणजे पुरुषभर उंचीत, सांगतात, दोन परस पाणी आहे म्हणतात, आम्ही ते मीटरमध्ये करून घ्यायचो.

पहिल्या ॲप्लिकेशनमध्ये मी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. लिहिलं होतं की "४० विहिरींवर स्थानिक स्वयंसेवकांमार्फत डेटा गोळा केला". दुसऱ्या वेळी वाचायला घेतलं तेव्हा कळलं, दादांनी जे केलं त्याला या क्षेत्रात नाव आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेतले रिक बॉनी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तीन प्रकार मांडले होते, एकात लोक फक्त नोंदी देतात, दुसऱ्यात पद्धत ठरवायला नि अर्थ लावायला मदत करतात, तिसऱ्यात प्रश्नच लोक आणि शास्त्रज्ञ मिळून ठरवतात. आपण फेब्रुवारीत पक्षीगणनेत ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, याद्या टाकतो तो बहुतेक पहिला प्रकार, आणि तो कमी दर्जाचा अजिबात नाही, त्यातून केवढी मोठी माहिती उभी राहते. पण आमचं काम पहिल्या प्रकारातून दुसऱ्याकडे सरकलं होतं आणि ते सरकवलं दादांनी. मी दोन पानांच्या स्टेटमेंटमध्ये एक पूर्ण पान या लाइटच्या गोष्टीवर खर्च केलं.

अजून एक, अशा जागांमध्ये प्रोजेक्ट बऱ्याचदा आधीच ठरलेला असतो, आपलं वेगळं प्रपोजल नको असतं. सुपरवायझरना आधी मेल करायचा. माझा पहिला मेल दीड पानाचा होता, उत्तर नाही. नंतर चार ओळी लिहिल्या आणि एक ग्राफ जोडला, रकाना वाढवायच्या आधीचा आणि नंतरचा, दोन दिवसात उत्तर आलं.

इंटरव्ह्यू फेब्रुवारीत, ऑनलाइन, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. तीन जण होते. पहिला प्रश्न अपेक्षित होता, लोकांनी मोजलेल्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा. मी सांगितलं की दर महिन्याला काही विहिरी दोन वेगवेगळ्या माणसांकडून मोजून घ्यायचो, टेपला वजन एकसारखं बांधलेलं, आणि काठावर रंगाने खूण, सगळ्यांनी तिथूनच मोजायचं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी थांबले. मोजणाऱ्यांना यातून काय मिळालं?

खरं सांगितलं. पहिलं वर्षभर काही नाही. आकडे आम्ही घेऊन गेलो, पोस्टर केलं, गावाला दाखवलंसुद्धा नाही. एका काकूंनी विचारलं की आमचं पाणी तुमच्या कंप्युटरमध्ये गेलं, परत कधी येणार, तेव्हा ग्रामपंचायतीबाहेर फळा लावला आणि दर गुरुवारी खडूने पातळी लिहायला लागलो. त्या हिवाळ्यात सात-आठ घरांनी फळा बघून कांद्याऐवजी कमी पाण्यावर येणारा हरभरा केला. हे सांगताना माझा आवाज कापत होता.

शेवटी तुमचे काही प्रश्न म्हणाले, तेव्हा मी विचारलं की नदीवर जे लोक मोजतात त्यांच्या येण्याजाण्याचा खर्च बजेटमध्ये आहे का. हा प्रश्न दादांचा होता, आदल्या दिवशी फोनवर त्यांनी मलाच विचारला होता. सुपरवायझर म्हणाल्या, प्रवास आणि किटचा आहे, वेळेचा नाही, आणि ते बरोबर नाही हे आम्हालाही मान्य आहे. त्या उत्तरामुळे मला तिथेच जावंसं वाटलं.

तीन आठवड्यांनी ऑफर आली. आता पैशाचं. २०२४-२५ चा स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्यासाठी मिळणारी रक्कम, १९,२३७ पौंड वर्षाला, म्हणजे वीस लाखांच्या वर, ऐकायला मोठं वाटतं पण तिथलं घरभाडं त्यातूनच जातं. आणि पहिला स्टायपेंड हातात येण्याआधी खिशातून भरायचं असतं ते कोणी सांगत नाही. २०२४ मध्ये व्हिसा फी ४९० पौंड होती, त्यावर आरोग्य अधिभार, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरायची फी, वर्षाला ७७६ पौंड आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, चार वर्षांचे ३,१०४ पौंड, सव्वातीन लाखांच्या पुढे. शिवाय आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, टीबीची टेस्ट, तिकीट. काही ठिकाणी विद्यापीठ अधिभार परत देतं, ऑफर स्वीकारायच्या आधी मेलवर लेखी विचारून घ्या. आमच्याकडे आईने सोनं ठेवून कर्ज काढलं, मी अजून दर महिन्याला फेडतेय.

ऑक्टोबरला इथे आले. टेप आता दादांच्या मुलीकडे आहे, ती बारावीला आहे, गुरुवारी सकाळी फळ्याचा फोटो पाठवते. कालच्या फोटोत तिने खाली स्वतः एक नवीन रकाना आखलाय, शेजारच्या बोअरला पाणी किती, आणि लिहिलंय, ताई हा कसा मोजायचा.