तुम्ही विचारलंत म्हणून : स्क्रीन रीडरवर हिशेबाचं सॉफ्टवेअर

"स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) लावून हिशेबाचं सॉफ्टवेअर नीट चालतं का?" हा प्रश्न मला सतत विचारला जातो. मेनू बोलतात, बटणं बोलतात, मग चालत असणारच, असं बरेच जण धरून चालतात. मला ते पुरेसं वाटत नाही. व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, सेव्ह करण्याआधी खातं, रक्कम आणि बाजू (डेबिट की क्रेडिट) या तिन्हींची खात्री नुसत्या ऐकण्यावरून करता आली, तरच ते सॉफ्टवेअर कामाचं.

म्हणून पैसे भरण्याआधी माउस बाजूला ठेवून एक अख्खं व्हाउचर करा : दोन डेबिट, एक क्रेडिट. दुसऱ्या ओळीच्या रकमेवर थांबा आणि एनव्हीडीए या विंडोजवरच्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट-टॅब दाबा. (खालच्या इन्सर्टच्या कळाही त्याच्याच.) रकान्याचं नाव ऐकू यायला हवं. नुसतं 'एडिट' ऐकू आलं, तर प्रोग्रामने ते नाव विंडोजपर्यंत पोचवलेलंच नाही. काही डेस्कटॉप प्रोग्राम तक्ता स्वतःच रंगवतात. तो डोळ्यांना दिसतो, स्क्रीन रीडरला मात्र तिथे काहीच सापडत नाही. इन्सर्ट-आर दाबून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून, अशी स्क्रीन वाचता येते, पण त्यात दशांशाचा टिंब सहज निसटतो. रकमा त्यावर तपासू नयेत. प्रोग्राम जावातला असेल, तर त्याला स्क्रीन रीडरशी जोडणारा जावा ॲक्सेस ब्रिज चालू आहे का तेवढं आधी बघा.

ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरचा खरा सापळा खात्याच्या नावाच्या रकान्यात असतो. 'बँक' टाइप केलं की यादी उघडते आणि टॅब दाबताच अनेकदा वरची सूचना आपोआप निवडली जाते. बँक खात्याऐवजी 'बँक चार्जेस' लागतं आणि कुणी काही बोलत नाही. प्रत्येक खात्यानंतर शिफ्ट-टॅबने मागे जाऊन काय लागलंय ते ऐका. खालची एकूण बेरीजही बदलल्यावर बोलली जाईलच असं नाही. इन्सर्ट-स्पेसने ब्राउझ मोडमध्ये (जिथे टाइप न होता पान वाचता येतं) या, बेरीज वाचा, मग सेव्ह करा. अहवाल वाचताना टी दाबून तक्त्यावर जा आणि कंट्रोल-ऑल्ट-बाणांनी फिरा. शीर्षकं नीट दिलेली असतील तर रकाना बदलला की नाव ऐकू येतं.

आता उणे रकमा. माझ्या मते सर्वांत धोक्याची जागा हीच. पुष्कळ अहवालांत तोटा कंसात छापतात : (1,500). एनव्हीडीएची विरामचिन्हांची पातळी मुळात 'काही' अशी असते आणि त्या पातळीला कंस बोलले जात नाहीत. तोटा नफ्यासारखा ऐकू येतो. आकड्याला चिकटलेलं उणे चिन्ह मात्र बोललं जातं. इन्सर्ट-पी दाबून पातळी 'बहुतेक'वर न्या, किंवा चिन्हांच्या उच्चाराच्या सेटिंगमध्ये दोन्ही कंस कायम बोलायला लावा. उणे रक्कम नुसती लाल रंगात दाखवली असेल तर या सेटिंगचाही उपयोग नाही. सॉफ्टवेअरमध्येच उणे चिन्हाचा पर्याय निवडा. ब्रेल डिस्प्ले (मजकूर ब्रेलमध्ये बोटाखाली उमटवणारं उपकरण) असेल तर कंस बोटाखाली येतातच.

रक्कम अंकाअंकाने ऐकायची तर नम लॉक बंद ठेवून नमपॅडवरचा 5 दोनदा दाबा. ऐकताना शेजारचे दोन अंक सहज उलटे लागतात. ट्रायल बॅलन्समधल्या (सर्व खात्यांच्या डेबिट-क्रेडिट बाकींच्या यादीतल्या) दोन बाजूंच्या फरकाला 9 ने भाग गेला, तर आधी हीच शंका घ्या : 5,400 च्या जागी 4,500 पडले तर फरक 900. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर ती बहुधा चुकीच्या बाजूला गेली आहे.

सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये थेट उघडू नका. 00123 हा खाते कोड 123 होतो आणि 15 अंकांपेक्षा लांब क्रमांकाचे पंधराव्यापुढचे अंक शून्य होतात. डेटा मेनूतून आयात करा आणि ते रकाने 'टेक्स्ट' ठेवा. मग शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर इन्सर्ट-शिफ्ट-सी दाबलं की रकाना बदलताना शीर्षक ऐकू येतं.

अडचण कळवताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. कोणती स्क्रीन, कोणतं फील्ड, कोणती कळ दाबली, काय ऐकू आलं, काय यायला हवं होतं आणि स्क्रीन रीडरची आवृत्ती कोणती, हे सगळं लिहा. फील्डला नाव नसणं ही दुरुस्ती प्रोग्रामरसाठी बहुतेक वेळा छोटीच असते. फक्त ते फील्ड नेमकं कोणतं हे त्याला समजायला हवं.