1943 च्या नाताळची प्रेमकथा लिहिताना

अहमदनगरच्या मिशन हॉस्पिटलातली एक नर्स आणि इटलीच्या आघाडीवर गेलेला एक नर्सिंग ऑर्डर्ली, एवढीच माझ्या दीर्घकथेची मुख्य माणसं. ती सगुणा, तो दानिएल. साखरपुडा झालेला, लग्न राहिलेलं. युद्धकाळातली, नाताळची ख्रिस्ती प्रेमकथा मराठीत लिहायची हे बरीच वर्षं मनात होतं. इंग्रजीत अशा कथा ढिगाने मिळतात आणि मी त्या आवडीने वाचते. पण बर्फ, शेकोटी आणि स्टेशनवर उतरणारा सैनिक हे सगळं उचलून नगरात आणून ठेवायचं नाही, एवढं सुरुवातीलाच ठरवलं होतं.

नगरच का? आमच्या घरच्यांची मुळं तिथली, हे एक. पण खरं कारण निराळं. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 पासूनचं, ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 मध्ये तिथेच सुरू झालं, आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं तिथल्या ख्रिस्ती मंडळीत घराघरांत पाठ. शिवाय ऑगस्ट 1942 पासून नगरच्या किल्ल्यात नेहरू, पटेल, मौलाना आझाद कैदेत होते. म्हणजे गावातली पोरं इंग्रजांच्या फौजेत लढायला गेलेली आणि त्याच गावात देशाचे पुढारी इंग्रजांच्या कैदेत. अशा गावातल्या ख्रिस्ती घरात नाताळच्या जेवणाला काय बोलणं होत असेल? मला कथा तिथेच सापडली. सगुणाचा धाकटा भाऊ खादी घालतो आणि होणाऱ्या मेहुण्याने लष्कराचा गणवेश चढवला म्हणून त्याचं नाव घेत नाही. ‘ताई, तो कुणासाठी गेलाय ते तरी सांग,’ असं तो करंज्या लाटता लाटता विचारतो, आणि सगुणाला उत्तर देता येत नाही. हा प्रसंग मी सगळ्यात आधी लिहिला. बाकीचं त्याच्याभोवती जमत गेलं.

त्या करंज्यांचं सारणही मनासारखं होईपर्यंत सोडलं नाही. युद्धामुळे साखरेची टंचाई, रॉकेलची टंचाई. म्हणून सारणात गूळ आला, आणि रात्री चांदणीच्या कंदिलात दिवा किती वेळ ठेवायचा यावरून आई आणि आत्या यांच्यात वाद आला. कॅरल पार्टीच्या रात्री उजेड किती असेल हे पाहायला जुनं पंचांग काढलं. 24 डिसेंबर 1943, शुक्रवार, अमावस्या दोनतीन दिवसांवर. सगुणा आणि तिच्या मैत्रिणी मग अंधारातून, एका कंदिलाच्या मागे ओळीने, टिळकांचं भजन म्हणत चालल्या. चांदण्यातलं वर्णन लिहायला सोपं गेलं असतं, पण या अंधारामुळे एक गोष्ट मिळाली. कोण रडतंय हे कुणाला दिसत नाही, फक्त कुणाचा आवाज मध्येच थांबला ते कळतं.

इटलीचा भाग अवघड होता. मराठा पलटण असलेलं 8 वं भारतीय डिव्हिजन त्या डिसेंबरात एड्रियाटिक समुद्राजवळ, मोरो नदीच्या भागात लढत होतं. पाऊस, गुडघाभर चिखल, खेचरांवरून जाणारं सामान. तिथून जवळच, ओर्तोना गावात, कॅनडाचे सैनिक घराघरांतून लढत होते आणि नाताळच्या दिवशी त्यांच्यातल्या एका पलटणीने आळीपाळीने मागे येऊन एका चर्चमध्ये पंगत केली. हा प्रसंग इतका हृदयाला भिडणारा आहे की दानिएललाही त्या चर्चमध्ये बसवावं असं फार वाटलं. नाही बसवलं. त्याच्या फौजेची जागा थोडी आत, गावाबाहेरच्या शेतमळ्यांत होती. त्याचा नाताळ मी एका पडक्या गोठ्यात ठेवला, तेही जखमींना मलमपट्टी करण्यात. त्यांच्यात एक जर्मन पोरगा आहे. दानिएल त्याच्या पायाची पट्टी बदलतो, त्याला पाणी पाजतो. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. गोठा होता म्हणून बाळ येशूची आठवण मुद्दाम करून दिली नाही, वाचणाऱ्याला ती आपोआप येतेच.

पत्रांनी कथेला आकार दिला. लष्करातून येणाऱ्या पत्रावर सेन्सॉरचा शिक्का असे. माणूस कुठे आहे ते लिहायची परवानगी नसे, पत्त्यात गावाच्या नावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा. म्हणजे सगुणाला तो कुठे आहे हेच ठाऊक नाही. ‘इकडे पाऊस फार आहे, बूट वाळत नाहीत’ एवढ्या एका ओळीवरून ती शाळेच्या नकाशावर बोट फिरवत बसते. प्रेमाचे शब्दही परक्या अधिकाऱ्याच्या नजरेखालून जाणार, म्हणून दोघं बायबलमधले अध्याय आणि ओव्या लिहितात. तो नुसतं ‘रूथ 1:16’ लिहितो. ती बायबल उघडते: तू जाशील तिथे मी येईन. मला विचाराल तर साऱ्या कथेत सगळ्यात शृंगारिक जागा ही आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रार्थनेवर. अशा कथांचा ठरलेला साचा असतो: ती गुडघे टेकते, तो परत येतो. मी विश्वासणारी आहे, प्रार्थनेवर माझा भरवसा आहे. पण सगुणाने प्रार्थना केली म्हणून दानिएल वाचला असं लिहिलं, तर त्याच आठवड्यात त्याच नदीकाठी ज्यांचे मुलगे गेले त्या आयांची प्रार्थना कमी पडली, असा अर्थ होतो. तो मला मान्य नाही. आमच्या मंडळीतल्या एक आजी लहानपणीचं सांगत होत्या: रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब आघाडीवरच्या मुलांची नावं एकेक करून वाचायचे आणि एखादं नाव वाचलं नाही की मागे बसलेल्या बाया एकमेकींकडे बघायच्या. हे ऐकल्यावर माझं ठरलं. सगुणा नाताळच्या पहाटे ‘त्याला परत आण’ म्हणायला बसते आणि तिच्या तोंडून त्या यादीतली सगळी नावं निघतात. शेवटी भावाचंही.

नाताळला दानिएलचं पत्र येत नाही. येतं ते फेब्रुवारीत, डिसेंबरच्या सुरुवातीला लिहिलेलं. त्यानंतर काय झालं ते सगुणाला माहीत नाही आणि मी वाचकालाही सांगत नाही. ती भावाला हाक मारते, दौत मागते आणि उत्तर लिहायला घेते. भाऊ दौत आणून देतो. कथा तिथे थांबते.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांना हा शेवट पटला नाही. शेवटच्या पानावर तो स्टेशनवर उतरू दे, मी लगेच छापतो, म्हणाले. वाचकाला सुख हवं असतं हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण 1943 च्या नाताळला ज्या बायका वाट पाहत होत्या त्यांना शेवटचं पान उलटायची सोय नव्हती, आणि सगुणावर माझा जीव होता तो तिच्या त्या न कळण्यातल्या प्रेमामुळेच. कथा मी परत घेतली. पुढे आमच्याच मंडळीच्या नाताळ अंकात ती दोन भागांत आली. पहिला भाग वाचून एका मुलीचा फोन आला. तिचा नवरा सैन्यात आहे, तेव्हा सीमेवर होता. ‘ताई, तो जिवंत आहे का ते सांगू नका,’ ती म्हणाली, ‘फक्त तिने पत्र लिहिलं का तेवढं सांगा.’ लिहिलं, मी म्हटलं.

आता भावाची गोष्ट हाती घेतली आहे. तो मुंबईला गोदीत नोकरीला लागतो आणि 14 एप्रिल 1944 च्या दुपारी, ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट होतो तेव्हा, तो तिथेच असतो.