अर्धा तास हात लावू नका

पावसाळा लागला की आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांच्या तांदळाच्या डब्यात एकदा तरी मोबाइल सापडतो. दादरच्या पुलावर छत्री उलटी होते, फोन शर्टाच्या वरच्या खिशात असतो आणि व्हायचं ते होतं. घरी आल्यावर माणूस आधी फोन पुसतो, मग डोकं. त्यानंतर फोनची रवानगी डब्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तर "बासमतीत नका हो घालू, कोलम पाणी जास्त ओढतो" हेही छातीठोकपणे सांगतात. बिल्डिंगमध्ये कुणाचं काही अडलं की "बघ गं जरा" म्हणत फोन माझ्या हातात येतो, त्यामुळे चार्जिंगच्या भोकातून तांदळाची कणी काढण्याचं काम माझ्याकडे आपसूक आलेलं आहे.

तांदूळ काही करत नाही. डब्यात कोंडलेल्या फोनपेक्षा पंख्याखाली मोकळा ठेवलेला फोन लवकर वाळतो. 2024 साली अ‍ॅपलने तर मदतीच्या सूचनांमध्ये स्पष्टच लिहून टाकलं की फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन बिघाड होऊ शकतो. त्यांचा उपाय अगदीच अळणी आहे: चार्जिंगचं तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा, कोरड्या, वारा खेळत्या जागी ठेवून द्या आणि किमान अर्धा तास चार्जरला लावू नका. पुन्हा ओलाव्याची सूचना आली तर आणखी थांबा, एखादा दिवसही लागू शकतो. हेअर ड्रायर नको, कापसाचा बोळा नको, फुंकर नको.

"पण माझा वॉटरप्रूफ आहे," असं म्हणणारे एक काका आहेत. खोक्यावर लिहिलेला आयपी 67 हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, हे खरं. पण ती चाचणी स्वच्छ, गोड्या, संथ पाण्यात होते. हिंदमाता चौकात तुंबलेल्या पाण्यात काय काय असतं ते मुंबईकराला सांगायला नको, आणि त्या पाण्यात कुठल्या कंपनीने फोन बुडवून पाहिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शिवाय आतलं सील वापराने झिजतं. फोन एकदा पडला, एकदा उघडून दुरुस्त झाला, की खोक्यावरचा तो आकडा खोक्यापुरताच. साधं पाणी वाळूनही जाईल, पण त्यातले क्षार मागे राहतात आणि चालू फोनमध्ये तेच आतल्या सर्किटच्या पट्ट्या खातात. म्हणून भिजलेला फोन आधी बंद करायचा. आपण काय करतो? "चालतोय का बघू" म्हणून दर पाच मिनिटांनी चालू करतो.

मला वाटतं तांदळाचा उपाय टिकून आहे तो एवढ्याचसाठी, की त्यात हाताला काम आहे. डबा काढायचा, फोन पुरायचा, झाकण लावायचं, घरातल्यांना दम द्यायचा. नुसतं ठेवून देणं मुंबईच्या माणसाला जमत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत उडी टाकणारी आपण माणसं.

लोकलमध्ये बघा. निम्म्या डब्याचे अंगठे एकसारखे वर सरकत असतात. ते मागची अ‍ॅप्स एकेक करून उडवत असतात, बॅटरी वाचावी म्हणून. 2016 साली अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांना एका ग्राहकाने हेच विचारलं होतं, की अ‍ॅप्स अशी बंद केली तर बॅटरी वाचते का. उत्तर आलं ते सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगी यांचं: नाही. अँड्रॉइडच्या मंडळींनीही तेव्हा तेच सांगितलं. मागे गेलेलं अ‍ॅप बहुतेक वेळा फोनने स्वतःच थंड करून ठेवलेलं असतं. ते उडवलं की पुढच्या वेळी पहिल्यापासून उघडावं लागतं आणि बॅटरी त्यातच जास्त जाते. अडकलेलं अ‍ॅप जरूर उडवावं. नकाशा उगाच रस्ता दाखवत बसला असेल तर तोही. बाकीच्यांना मुलुंडपासून भायखळ्यापर्यंत सुखाने राहू द्यावं.

मे महिन्यात वेगळाच प्रकार. काचेमागे उन्हात फोन लावलेला, नकाशा चालू, चार्जर जोडलेला, आणि जाड रबरी कव्हर. फोन तापतो, 'तापमान जास्त झाले' म्हणून हात वर करतो. बहुतेक फोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात, आणि लिथियमच्या बॅटरीचं आयुष्य उष्णतेइतकं दुसऱ्या कशाने घटत नाही. अशा वेळी चार्जर काढायचा, कव्हर काढायचं, सावलीत ठेवायचं. संपलं. पण आमच्याकडे एकाने तो फ्रिजमध्ये ठेवला होता, भाज्यांच्या ट्रेमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी. गार फोन दमट हवेत बाहेर आला की आतल्या आत दव धरतो. मग पुन्हा काकूंचा कोलम.

थांबण्याच्या या सगळ्या उपायांत एकच लोकांना पटलेला आहे, बंद करून चालू करणे. तो पटतो कारण त्यात बटण दाबायला मिळतं! त्यामागे जादू नाही. दिवसचे दिवस चालणाऱ्या प्रोग्रामांनी मेमरीत जागा अडवलेली असते, एखादा वाट पाहत लटकलेला असतो. फेरचालू झालं की सगळ्यांना नव्याने सुरुवात करावी लागते. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोतून वर आल्यावर नेटवर्क रुसून बसलं तर विमान मोड लावून काढावा, तेही याच जातीचं औषध. फोन टॉवर नव्याने शोधतो.

पण विंडोजच्या कॉम्प्युटरवर एक मेख आहे. आमच्या ऑफिसात अकाउंट्सला एक साहेब आहेत. संध्याकाळी सहा बाराची लोकल पकडायची म्हणून बरोबर पावणेसहाला शट डाउन करणार, स्क्रीन काळी झालेली बघणार, मगच डबा पिशवीत टाकणार. त्यांचा कॉम्प्युटर दिवसेंदिवस मंदावत चालला होता आणि "मी तर रोज बंद करतो" हे त्यांचं पालुपद. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर गेले, तिथे 'अप टाइम' म्हणून आकडा असतो. त्यात दिवसांचा आकडा दोन अंकी. साहेबांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. शट डाउन केलं की विंडोज आपला गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं, म्हणून लवकर सुरू होतं. दुकानाचं शटर ओढलं, पण आतला पसारा आवरलाच नाही, अशातली गत. खरी आवराआवर 'रीस्टार्ट' म्हटल्यावरच होते. साहेबांना मी हे सांगितलं. त्यांना बराच वेळ पटलं नाही की सुरू करण्याचं बटण दाबल्यावर बंद नीट होतं. अजूनही ते आधी रीस्टार्ट करतात आणि मग मनाच्या समाधानासाठी शट डाउन.

काकूंचा दुसरा प्रश्न बारमाही आहे: जागा संपली. सूर्योदय, गुलाब, चहाचा कप, 'शुभ सकाळ'. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज'खाली 'मॅनेज स्टोरेज'मध्ये मोठमोठे व्हिडिओ आणि अनेकदा फॉरवर्ड झालेलं सामान वेगळं काढून दाखवतात, ते एकगठ्ठा निवडून उडवता येतं. काकू एकगठ्ठा निवडत नाहीत. एकेक उघडतात, वाचतात, "हा छान आहे" म्हणून मला पाठवतात आणि मग ठरवतात. पुतण्याच्या मुंजीतला मातृभोजनाचा एकच फोटो सात जणांकडून आलेला आहे, पण प्रत्येकाने प्रेमाने पाठवलाय ना! एवढं करून गॅलरीतून काही उडवलंच तर तेही लगेच जात नाही. आयफोनवर ते 30 दिवस 'नुकतेच डिलीट केलेले'मध्ये पडून राहतं, गूगल फोटोजच्या बिनमध्ये बॅकअप झालेलं 60 दिवस. बिन रिकामा केला तरच जागा लगेच मोकळी होते.

घाई करावी अशी एक जागा मात्र आहे. गाडी सुटता सुटता दारातल्या माणसाच्या हातावर फटका बसतो आणि फोन रुळांच्या कडेला. किंवा घाटकोपरच्या गर्दीत खिसा हलका झाल्याचं कुर्ल्याला कळतं. इथे अर्धा तास थांबायचा नाही. सिम बंद, बँकेला फोन, पैसे गेले असतील तर 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग पोलिसांत तक्रार, आणि त्या तक्रारीवर सीईआयआर या हरवलेल्या फोनांच्या सरकारी पोर्टलवरून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक. ही सोय सप्टेंबर 2019 मध्ये मुंबईतच, महाराष्ट्रासाठी म्हणून सुरू झाली होती, 2023 मध्ये 'संचारसाथी' या सरकारी पोर्टलबरोबर देशभर गेली. आणि लोक करतात काय, तर शेजारच्याचा फोन मागून आपल्याच नंबरवर रिंग देत बसतात. रिंग जातेय म्हणून आशा, बंद लागला म्हणून पुन्हा एकदा. सीएसएमटी येईपर्यंत हेच.

आयएमईआय पंधरा आकडी असतो. *#06# डायल केलं की दिसतो, पण ते करायला फोन हातात हवा, म्हणून आजच डायल करून वहीत उतरवून ठेवलेला बरा. तो खोक्यावरही छापलेला असतो. खोका माळ्यावर असतो, आणि आमच्याकडे त्यात सध्या गेल्या दिवाळीच्या पणत्या आहेत.