लाव्ह्याची नदी

टेकड्या आणि तळी पाहायची म्हटलं की आम्ही नागपूरकर चिखलदऱ्याची वाट धरतो. यंदा भाच्याने मोडता घातला. तो भूशास्त्र शिकून राहिला. म्हणाला, "मामाजी, तिथला काळा दगड आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवरही आहे. कशाला पेट्रोल जाळता?"

मग रविवारी सकाळी तर्री-पोहे हाणले आणि स्कूटर वाडीकडे घेतली. वाडीच्या पुढे लाव्हा नावाचं गाव आहे. हो, लाव्हाच! तिथल्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते. नावाचा मला तरी योगायोगच वाटतो, पण दगड खराच ज्वालामुखीचा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. कडेला एक धोंडा कांद्यासारखा पापुद्रे सोडत पडला होता. भाचा त्याच्यासमोर पंधरा मिनिटं उकिडवा. गुरं घेऊन निघालेल्या एका आजोबांना मी नदी कुठे म्हणून विचारलं. "अथी कायची नदी बाप्पा? नाला हाय," म्हणाले आणि चालू पडले.

हाच नाला अंबाझरीत शिरतो. 23 सप्टेंबर 2023 ला तलाव ओसंडला, तेव्हा माझ्या बहिणीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. तलाव अजूनही मला देखणा वाटतो, पण काठावर कणीस खाताना नजर पाण्याच्या पातळीकडे जातेच.

भाच्याला मात्र दुसऱ्याच तळ्याचं वेड. दोन लाव्हांच्या मधल्या शांततेच्या काळात इथे गोड्या पाण्याची तळी होती. त्यांत गोगलगायी होत्या, काठावर झाडं होती. मग पुढचा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. त्या गाळातले जीवाश्म स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने 1850 च्या दशकात शहराजवळच्या टाकळीत शोधले. आपलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. 1863 साली टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो फुगलेल्या ओढ्यात बुडाला. आजोबांचा "नाला हाय" मला तेव्हा आठवला.

गिट्टीखदान या वस्तीचं नाव आयुष्यभर घेतलं, पण गिट्टी कसली ते त्या दिवशी डोक्यात शिरलं. बर्डीचा किल्ला लष्कराकडे, म्हणून टेकडी खालूनच पाहिली. 1817 ची इंग्रज-भोसल्यांची लढाई सगळ्यांना पाठ असते. वरचा काळा दगड खालच्या कितीतरी जुन्या, नाइस नावाच्या खडकाजवळ येऊन संपतो, हे मला पन्नाशीत कळलं. पठाराची पूर्वेकडची कड आमच्या बाजारपेठेत आहे म्हणा ना!

महाल भागापासून पुढे नाग नदीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. रुमाल नाकाला लावून पूल ओलांडले. पारडीच्या पुढे पिवळी नदी तिला मिळते आणि मग दोघी मिळून कन्हानला.

कन्हानच्या काठावर ऊन उतरलं होतं. घर बांधलेल्या प्रत्येक नागपूरकराला इथली रेती ठाऊक असते. भाच्याने मूठभर रेती तळहातावर पसरली, बोटाने चिवडली. पांढरे, गुलाबी, चमकणारे कण. बऱ्याच वेळाने त्यात एक काळा खडा सापडला, तो त्याने खिशात टाकला.

"लाव्ह्याचाच कशावरून?" मी विचारलं.

"घरी जाऊन भिंगाखाली पाहतो ना, मामाजी."