तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाच्या हाती टॅब देण्याआधी

“मुलासाठी टॅब घेतलाय. तो सुरक्षित राहावा म्हणून त्यात कोणतं ॲप टाकू?” हा प्रश्न पालक हमखास विचारतात. ॲपपासून सुरुवात करूच नका. टॅब सुरक्षित होतो तो अकाउंटमुळे, आणि ते अकाउंट टॅब पहिल्यांदा सुरू करतानाच मुलाच्या नावाने आणि खऱ्या जन्मतारखेने उघडायचं असतं. घाईघाईत स्वतःचं अकाउंट टाकून टॅब देऊन टाकला, तर पुढे काहीही बसवा, त्या टॅबच्या लेखी वापरणारा प्रौढच असतो. तुमचे ईमेल, फोटो, जोडलेलं कार्ड, सगळं मुलासमोर उघडं.

टॅब आधी कुणी वापरलेला असेल तर जुनं अकाउंट काढून मगच फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे टॅबमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा करा. उलट क्रमाने केलंत, तर रीसेटनंतर तो जुन्याच अकाउंटचा पासवर्ड मागत बसतो. मग सिस्टीम अपडेट करून घ्या. अँड्रॉइडवर तुमच्या फोनमध्ये फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं ॲप घेऊन मुलाचं अकाउंट त्यात तयार करा. आयपॅडवर फॅमिली शेअरिंग या कुटुंबाच्या सोयीमध्ये मुलाचं खातं उघडा आणि स्क्रीन टाइमला, म्हणजे वेळ आणि बंधनं ठरवणाऱ्या सेटिंगला, वेगळा पासकोड द्या. आयपॅड उघडायचा पासकोड आणि हा पासकोड एकच ठेवलात, तर सगळी मेहनत वाया जाते. वय वाढवून सांगण्याचा मोह टाळा. मुलांसाठीची बंधनं आणि गाळण्या त्या जन्मतारखेवरूनच लागू होतात, आणि चुकीची तारीख मागाहून दुरुस्त करणं जिकिरीचं असतं.

आता पैशांचं. खेळांमधली नाणी, हिरे, नवे पोशाख यांची खरेदी एका टिचकीत होते, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला त्यामागे खरे पैसे जातात हे कळत नाही. फॅमिली लिंकमध्ये प्ले स्टोअरच्या परवानगीचा पर्याय ‘सर्व कंटेंट’वर ठेवा, म्हणजे फुकटच्या ॲपसाठीही विनंती तुमच्या फोनवर येईल. मात्र पैशांच्या खरेदीत ही परवानगी गुगल प्लेच्या बिलिंगमधून होणाऱ्या व्यवहारांपुरतीच चालते. एकदा मंजूर केलेल्या ॲपचे अपडेट पुन्हा विचारत नाहीत. आयपॅडवर ‘आस्क टू बाय’ (खरेदीआधी तुमची परवानगी मागणारी सोय) चालू करा आणि स्क्रीन टाइमच्या निर्बंधांमध्ये जाऊन ॲपमधली खरेदी सरळ बंदच करून टाका. शक्य असेल तर कार्ड जोडूच नका. लागलंच तर गिफ्ट कार्डाची शिल्लक ठेवा, ती संपली की विषय संपला. आणि तुमच्या फोनमध्ये मुलाच्या बोटाचा ठसा नोंदवलेला असेल तर तो आजच काढा, नाहीतर मूल तुमच्या फोनवरून स्वतःलाच परवानगी देईल.

व्हिडिओंसाठी लहान मुलांना मुख्य यूट्यूब नको, यूट्यूब किड्स द्या. त्यात चार वर्षांपर्यंत, पाच ते आठ आणि नऊ ते बारा असे वयाचे टप्पे आहेत. शिवाय फक्त तुम्ही निवडलेलेच चॅनेल दाखवण्याची सोय आहे, आणि अगदी लहानांसाठी तीच सर्वांत भरवशाची. शोधण्याची सोय बंद ठेवा. एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते: पालकांच्या सेटिंगमध्ये शिरताना हे ॲप एक गुणाकार विचारतं. पाढे पाठ असलेल्या मुलाला ते कुलूप वाटतच नाही. तिथे स्वतःचा चार अंकी पासकोड टाका.

वेबसाइटचं कुंपणही एका जागी पुरत नाही. फॅमिली लिंकमधली गाळणी क्रोमपुरती आहे. टॅब बनवणाऱ्या कंपनीने आपलं वेगळं ब्राउझर दिलेलं असेल, तर ते फॅमिली लिंकमधूनच ब्लॉक करा. सात-आठ वर्षांपर्यंत ‘फक्त मंजूर साइट’ हाच पर्याय बरा. ‘आक्षेपार्ह साइट रोखण्याचा प्रयत्न करा’ या पर्यायाच्या नावातच ‘प्रयत्न’ आहे, आणि तो प्रयत्न कधीकधी फसतो. घरच्या राउटरमध्ये (वायफायच्या डब्यात) डीएनएस, म्हणजे साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअरचे कुटुंबांसाठीचे पत्ते टाकले, की अश्लील आणि घातक साइट सगळ्याच उपकरणांवर अडवल्या जातात. पण हे घरच्या वायफायपुरतंच. टॅबमध्ये सिम असेल किंवा मुलाने व्हीपीएन (इंटरनेटची वाट दुसरीकडून वळवणारं ॲप) घेतलं, तर हे कुंपण बाजूला पडतं.

वेळेच्या मर्यादेत मुलं सर्वांत आधी वाट काढतात. आयपॅडवर ॲपची मर्यादा लावताना वेळ संपल्यावर ॲप अडवण्याचा पर्याय चालू केला नाही, तर पडद्यावर मर्यादा दुर्लक्षित करण्याचं बटण येतं, आणि ते मुलाला पहिल्याच दिवशी सापडतं. अँड्रॉइडवर पाहुणा म्हणून शिरण्याची सोय आणि लॉक स्क्रीनवरून नवा वापरकर्ता जोडण्याची सोय, दोन्ही बंद करा. फॅमिली लिंकमधले तुमचे बदल टॅब इंटरनेटवर असेल तेव्हाच त्याच्यापर्यंत पोचतात. इंटरनेट नसताना टॅब उघडून द्यायचा झाला, तर फॅमिली लिंकमध्ये पालकांचा कोड मिळतो. तो ठरावीक वेळाने बदलत राहतो, म्हणून मुलाने पाठ केला तरी बिघडत नाही.

अगदी लहान मुलाला एकच ॲप द्यायचं असेल, तर आयपॅडमधलं ‘गाइडेड ॲक्सेस’ फार उपयोगी आहे. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये ते चालू करायचं, ॲप उघडायचं आणि होम बटण तीनदा दाबायचं. होम बटण नसेल तर वरचं. मग बोटाने गोल करून पडद्याचा एखादा कोपराही निकामी करता येतो, म्हणजे तिथलं जाहिरातीचं किंवा खरेदीचं बटण दाबलंच जात नाही. अँड्रॉइडवर यासाठी ॲप पिन करण्याची सोय आहे. मात्र पिन काढताना कोड विचारण्याचा पर्याय सोबत चालू करा, नाहीतर बाहेर पडायला दोनच बटणं पुरतात.

कॅमेरा, माइक आणि लोकेशनच्या परवानग्या प्रत्येक ॲपच्या वेगळ्या तपासा. चित्रं रंगवायच्या खेळाला लोकेशन कशाला हवं? खेळातलं चॅट मात्र या कुठल्याच सेटिंगने बंद होत नाही. ते खेळाच्या आतच जाऊन बंद करावं लागतं, म्हणून नवा खेळ मंजूर करण्याआधी तो स्वतः उघडून पाहा. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की काही विचित्र दिसलं किंवा अनोळखी माणसाने काही विचारलं, तर टॅब पालथा ठेवून हाक मार, टॅब काढून घेणार नाही. ते वचन पाळा. टॅब जाईल या भीतीनेच मुलं गप्प राहतात.

हे सगळं झालं की तासभर टॅब स्वतःकडे ठेवा आणि मुलाच्या अकाउंटमधून त्यातली बंधनं मोडायचा कसून प्रयत्न करा. घड्याळ मागे करून पाहा. मर्यादा लावलेलं ॲप काढून पुन्हा घ्या. अडवलेला खेळ ब्राउझरमधून उघडतो का, एखाद्या ॲपच्या ‘मदत’ किंवा ‘गोपनीयता’ या दुव्यावरून इंटरनेटवर निसटता येतं का, तेही तपासा. अडवलेल्या साइट कधीकधी याच शेवटच्या दाराने उघडतात. असं दार सापडलं, तर ते ॲप काढून टाका.